गाडीच्या वेळेवर चालणारं गाव

दोस्तांनो, तुमच्या गावात सकाळी सगळ्यांत आधी काय ऐकू येतं? कोंबड्याची बांग? देवळातली घंटा? दूधवाल्याची हाक? डोंबिवलीत हा मान लोकलच्या भोंग्याचा! घड्याळाकडे न बघता नुसत्या आवाजावरून "माझी गाडी चुकली वाटतं!" म्हणत चपला शोधणारी माणसं इथे घरोघर सापडतील.

डोंबिवली आहे ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून साधारण ४८ किलोमीटरवर. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ थेट कल्याणपर्यंत पोचले. तेव्हा या रुळांच्या आजूबाजूला होती भातशेती आणि आगरी-कोळी लोकांची खेडी. पुढे मुंबईत नोकऱ्या वाढल्या, पण तिथली घरं काही परवडेनात. मग माणसं हळूहळू इकडे राहायला आली. बैठी घरं, मग चाळी, मग चार मजली इमारती आणि आता टॉवर! १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात होती.

आता गंमत बघा. ज्या गावातली मोठी माणसं भल्या सकाळी निघतात आणि रात्री परततात, ते गाव म्हणजे नुसती झोपायची जागाच की! अशा गावात कोण कशाला काय उभं करेल? तुम्हाला वाटेल, कोणीच नाही. पण इथेच तर डोंबिवलीकरांनी बाजी मारली.

उरलेल्या वेळातली कामं

पूर्वेला फडके रोडवर गणेश मंदिर आहे. त्याचं संस्थान १९२४ सालचं. याच संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पालख्या, लेझीम, ढोल, चित्ररथ आणि नऊवारीतल्या मुली! ही कल्पना इतकी आवडली, की पुढे ठाणे, गिरगाव आणि कितीतरी गावांत अशा यात्रा निघू लागल्या. आणि दिवाळीच्या पहाटे याच फडके रोडवर नवे कपडे घालून तरुण मुलंमुली जमतात. आमंत्रण नाही, तिकीट नाही. नुसतं भेटायचं!

पुस्तकांचंही तसंच. १९८६ मध्ये इथे पै फ्रेंड्स लायब्ररी सुरू झाली. दिवसभर गर्दीत उभं राहून आलेला माणूस घरी जाताना पुस्तक बदलून नेतो. या लायब्ररीने आदानप्रदानाचा उपक्रमही केला. आपण वाचलेलं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्याने वाचलेलं न्यायचं. शं. ना. नवरे, पु. भा. भावे हे लेखक डोंबिवलीचेच रहिवासी. २०१७ च्या फेब्रुवारीत ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचंच नाव दिलं होतं. आणि यजमान कोण, ठाऊक आहे? आगरी यूथ फोरम! म्हणजे ज्यांची शेतं होती त्यांनी, नंतर राहायला आलेल्यांसह सगळ्या मराठी वाचकांना घरी बोलावलं.

हे संमेलन भरलं ते सावळाराम महाराज क्रीडासंकुलात. एरवी तिथे क्रिकेट चालतं, पोहायचा तलावही तिथेच आहे. जवळच सावित्रीबाई फुल्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्यामुळे नाटक बघायला आता दादरला जावं लागत नाही!

पण काही गोष्टी उरलेल्या वेळात होत नाहीत

सगळंच छान आहे, असं मात्र समजू नका हं! लायब्ररी काढायला एक खोली पुरते, यात्रा काढायला एक सकाळ. पण मैदान? ते आधी राखून ठेवावं लागतं. एकदा इमारत उभी राहिली, की तिथे पुन्हा मैदान होत नाही. म्हणूनच पूर्वेचं नेहरू मैदान, पश्चिमेचं भागशाळा मैदान यांची किंमत इथल्या मुलांना विचारा. संध्याकाळी एकाच मैदानात चार-पाच डाव एकदम चालू असतात. यांचा चेंडू त्यांच्या गोलंदाजाच्या पायाशी!

पुलाचंही तेच. रुळांनी गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले आहेत. कोपरचा पूल धोकादायक झाला म्हणून २०१९ मध्ये वाहनांसाठी बंद केला, तो नवा होऊन उघडला २०२१ मध्ये. तोवर सगळ्या गाड्यांची रांग ठाकुर्लीच्या पुलावर! पूल असतो तेव्हा तो सोय आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे अंतर. डोंबिवलीला मोठी औद्योगिक वसाहत आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत. वस्ती वाढत वाढत त्यांच्या शेजारी जाऊन पोचली. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात तिथे मोठे स्फोट झाले. अनेकांचे जीव गेले, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. घर आणि कारखाना यांच्यात मोकळी जागा ठेवायची असते, ती काही कुठली संस्था वर्गणी काढून नंतर आणू शकत नाही.

आता तुमची पाळी

एक वहीचं पान घ्या. मधोमध तुमचं घर काढा. घरापासून पायी दहा मिनिटांत तुम्ही कुठे कुठे पोचता, ते सगळं मांडा : वाचनालय, मैदान, दवाखाना, झाड, बाक, पाण्याचा नळ. मग प्रत्येकाशेजारी लिहा, हे कोणी उभं केलं? नगरपालिकेने, ग्रामपंचायतीने, की चार शेजाऱ्यांनी मिळून? उत्तर माहीत नसेल तर आजोबांना विचारा, आजीला विचारा. एखादी भन्नाट गोष्ट हाती लागेल.

शेवटी एका वेगळ्या रंगाने अजून मोकळ्या असलेल्या जागा रंगवा. ते पान जपून ठेवा बरं का! पाच वर्षांनी पुन्हा असाच नकाशा काढा आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बघा.