न आलेल्या रुग्णाचा हिशेब

ऑडिट म्हटले की आपल्याला पतसंस्था किंवा सेवा सहकारी सोसायटी आठवते. वर्षाच्या शेवटी वह्या तपासल्या जातात, थकबाकीदारांची यादी निघते. रुग्णसेवेचेही असेच ऑडिट करता येते. ठरलेला उपचार रुग्णाला मिळाला का आणि त्याचा गुण आला का, हे नोंदींवरून मोजायचे. जेथे कमी पडते तेथे कामाची पद्धत बदलायची आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. याचा सर्वांत जास्त फायदा होतो तो बी.पी.च्या म्हणजेच उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना.

बी.पी. हा छुपा आजार आहे. रक्तदाब १४० / ९० किंवा त्याहून अधिक राहत असला तरी बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. आतल्या आत मात्र हृदय, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर ताण पडत असतो. एखाद्या दिवशी अचानक लकवा होतो आणि कमावता माणूस खाटेवर पडतो. रोजची गोळी हे टाळण्यास मोठी मदत करते. पण त्रास नाही म्हणून गोळी सुटते आणि गोळी सुटली तरी लगेच काही होत नाही, म्हणून ती सुटलेलीच राहते.

जाम चौकात नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता फुटतो. येथील दवाखान्यात शेतकरी, मजूर, ट्रकचालक, हॉटेलवाले असे सर्व प्रकारचे रुग्ण येतात. समोर बसलेला रुग्ण डॉक्टरला दिसतो. जो आलाच नाही, तो गर्दीत लक्षात राहत नाही. तो सापडतो फक्त रजिस्टरमध्ये.

आपल्या वर्धा जिल्ह्याला ही पद्धत नवी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य शासन आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत हाती घेतला. महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांत भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर वर्धाही होता. त्यात सरकारी आरोग्य केंद्रांमधून बी.पी.च्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली गेली. दर तिमाहीला हिशेब मांडायचा : किती जणांचा रक्तदाब १४० / ९० च्या खाली आला, किती जणांचा आला नाही आणि किती जण तपासणीला फिरकलेच नाहीत. न आलेल्यांची यादी निघाली की परिचारिका किंवा आरोग्यसेवक त्यांना फोन करत. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला.

हेच काम साध्या वहीवरही होते. मी महिनाअखेरीस बी.पी.च्या रुग्णांची नावे याच तीन रकान्यांत लिहितो. दुसऱ्या रकान्यातील रुग्णाचे औषध किंवा मात्रा बदलावी लागते. मीठ आणि तंबाखूबद्दल पुन्हा बोलावे लागते. तिसऱ्या रकान्यातील रुग्णाला औषध बदलून काय उपयोग? तो का आला नाही, हे आधी विचारावे लागते. कारणे साधीच असतात. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, ट्रक घेऊन परराज्यात जाणे, हाती पैसे नसणे, किंवा "आता बरं वाटते, म्हणून बंद केली." त्यावर उपायही साधेच आहेत. हंगामाच्या आधीच जास्त दिवसांच्या गोळ्या देणे, चालकाला ट्रकमध्ये एक पाकीट ठेवायला सांगणे, महाग औषधाऐवजी त्याच गुणाचे स्वस्त जेनेरिक औषध लिहिणे, घरच्यांना निरोप देणे. पुढच्या महिनाअखेरीस वही उघडली की कोणता उपाय लागू पडला ते कळते.

वाचकहो, या ऑडिटमध्ये आपलाही वाटा आहे. दवाखान्याची चिठ्ठी फेकू नका. एका छोट्या वहीत तारीख, रक्तदाबाचा आकडा, औषधाचे नाव आणि मात्रा लिहून ठेवा. वाचता येत नसेल तर मुलाकडून किंवा सुनेकडून लिहून घ्या. दर तपासणीला, "आज किती आहे आणि मागच्या वेळी किती होता?" असे डॉक्टरांना न संकोचता विचारा. पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. सेवाग्रामला किंवा नागपूरला जाण्याची वेळ आली तर ही वही बरोबर न्या. आधीचे आकडे समोर असले की तेथील डॉक्टरांनाही निर्णय घेणे सोपे जाते.

आणि घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाची बी.पी.ची गोळी चालू होती, पण हल्ली ते ती घेताना दिसत नसतील, तर आज संध्याकाळीच त्यांना विचारा. कोणत्या तरी दवाखान्याच्या वहीत त्यांचे नाव तिसऱ्या रकान्यात असेल.