विश्लेषण : मांत्रिक अष्टपैलू हवा की एकाच विद्येत पारंगत? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधला जुना पेच काय आहे?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका आणि २०२३ मध्ये आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडीओ गेम यांमुळे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळायच्या या खेळात ‘विझर्ड’, म्हणजे पोथी बाळगणारा मांत्रिक, हे पात्र घेणाऱ्यापुढे एक जुना प्रश्न असतो. सगळ्या विद्या थोड्याथोड्या शिकायच्या, की एकीत तज्ज्ञ होऊन बाकीच्यांवर पाणी सोडायचे?

मंत्रांचा हिशेब कसा चालतो?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये बाजारात आला. त्यातला मांत्रिक वाटेल तो मंत्र वाटेल तेव्हा म्हणू शकत नाही. आज काय लागेल याचा अंदाज बांधून पोथीतले मंत्र आधी डोक्यात साठवायचे. वापरलेला मंत्र पुसला जातो. ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकातून आली. साठवायच्या जागा, म्हणजे ‘स्लॉट’, मोजकेच. सुरुवातीच्या नियमांत नवख्या मांत्रिकाला दिवसाला एकच मंत्र मिळे. शत्रूला झोपवणारा मंत्र सकाळीच खर्च झाला, की उरलेला दिवस खंजीर घेऊन सोबत्यांच्या मागे उभे राहायचे. एका जादा स्लॉटसाठी खेळाडू काय काय सोडायला तयार होतात, ते यावरून कळावे.

तज्ज्ञ मांत्रिक आला कुठून?

पहिला तज्ज्ञ म्हणजे ‘इल्यूजनिस्ट’, मायावी दृश्ये उभी करणारा. तो १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात आला आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये स्थिरावला. त्याच्या मंत्रांची यादीच वेगळी होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा मान सगळ्यांना दिला. संरक्षण, आवाहन, भविष्यज्ञान, संमोहन, ऊर्जा, माया, मृत्यू आणि रूपांतर अशा आठही शाखांचे तज्ज्ञ झाले. तज्ज्ञाला प्रत्येक दर्जाचा एक मंत्र जास्त आणि विरुद्ध शाखांचे दरवाजे बंद, हा सौदा तेव्हाचाच.

सौदा फायद्याचा की तोट्याचा?

२००३ च्या ‘साडेतीन’ आवृत्तीत हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो. तज्ज्ञाने दोन शाखा कायमच्या सोडायच्या. बदल्यात मंत्राच्या प्रत्येक दर्जाला रोज एक जादा स्लॉट, तोही स्वतःच्या शाखेपुरता. बुद्धिमत्तेचे बोनस बाजूला ठेवले, तर पहिल्या पायरीवरच्या साध्या मांत्रिकाला पहिल्या दर्जाचा १ मंत्र मिळतो आणि तज्ज्ञाला २. पाचव्या पायरीवर तिसऱ्या दर्जाचे मंत्र खुले होतात, तेव्हाही हिशेब १ विरुद्ध २ असाच. विसाव्या पायरीवर मात्र तो ४ विरुद्ध ५ होतो. म्हणजे सुरुवातीला दुप्पट असलेला फायदा शेवटी पाव भागावर येतो. सोडलेल्या शाखांमधले मंत्र मात्र वरच्या दर्जांत अधिकाधिक ताकदवान होत जातात. फायदा आटतो आणि किंमत वाढते, हे पात्र तयार करताना फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

बंदी कडक आहे. ऊर्जेची शाखा सोडलेल्या मांत्रिकाला अग्निगोळ्याची कांडी सापडली, तरी ती त्याला चालवता येत नाही. शिवाय किंमत तो एकटा मोजत नाही. त्याने रूपांतर सोडले, तर कड्यावर पोहोचण्यासाठी उडण्याचा मंत्र अख्ख्या चमूलाच मिळत नाही.

सौद्यात आणखी एक मेख होती. शाखा सारख्या वजनाच्या नव्हत्या. नियमकर्त्यांनाही ते ठाऊक असावे, कारण भविष्यज्ञानाच्या तज्ज्ञाला एकच शाखा सोडावी लागे. आवाहन शाखेत कवचापासून दूरच्या ठिकाणी क्षणात पोहोचवणाऱ्या मंत्रापर्यंत सगळे होतेच, वर आम्लाचा बाणही होता. मग ऊर्जेची शाखा सोडून फार बिघडते कुठे? हुशार खेळाडूला तज्ज्ञपणा जवळपास फुकट पडे. नवखा मात्र नाव आवडले म्हणून शाखा निवडायचा आणि फसायचा.

नव्या नियमांनी काय केले?

‘पाथफाइंडर’ (२००९) या भावंड खेळाने बंदी सैल केली. विरुद्ध शाखेचा मंत्र चालेल, पण त्याला दोन स्लॉट लागतील. हा तोडगा सर्वांत न्याय्य म्हणावा लागेल. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने बंदीच काढली आणि दुसऱ्या पायरीवर प्रत्येकाला एक शाखा निवडायला लावली. ऊर्जातज्ज्ञ आता मित्रांना न भाजता गर्दीत अग्निगोळा टाकतो. भविष्यवेत्ता आधीच दोन फासे टाकून ठेवतो आणि नंतर ते आकडे हव्या त्या ठिकाणी वापरतो. मजा आहे, पण काही सोडावेच लागत नाही म्हटल्यावर निवडीची धारही गेली. गंमत म्हणजे मूळ पुस्तकातून अष्टपैलू मांत्रिकच नाहीसा झाला. २०२४ च्या पुस्तकात संरक्षण, भविष्यज्ञान, ऊर्जा आणि माया एवढ्या चारच शाखांचे तज्ज्ञ उरले. पाथफाइंडरने २०२३ मध्ये परवान्याच्या वादानंतर आठ शाखांची जुनी चौकटच सोडली. अष्टपैलूची जागा मात्र ‘युनिफाइड मॅजिकल थिअरी’ या नावाने राखली.

नव्या खेळाडूने काय निवडावे?

टेबलावर तीनच जण असतील आणि मंत्र म्हणणारे दुसरे कुणी नसेल, तर अष्टपैलू बरा. पाच-सहा जण असतील आणि आणखी एक मंत्रधारी असेल, तर तज्ज्ञ व्हायला हरकत नाही, फक्त दोघांनी सोडायच्या शाखा आपसांत ठरवून घ्याव्यात. आणि शाखा पक्की करण्याआधी खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला कथेचा रोख विचारावा. साडेतीन आवृत्तीत सांगाड्यांवर आणि चालत्या प्रेतांवर मनाला भुरळ घालणारे मंत्र चालतच नाहीत, त्यामुळे कथा स्मशानात घडणार असेल, तर संमोहनतज्ज्ञाचे जादा स्लॉट रोज तसेच पडून राहतील.