केळं कुठलं, ते आधी सांगा

पुण्या-मुंबईच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, ‘तुमच्या केरळातल्या त्या केळ्याच्या गोड भज्यांचं पीठ किती सैल भिजवायचं गं?’ मी उलट विचारते, केळं कुठलं आणलंयस? बहुतेकींनी नेहमीची जळगावची केळी आणलेली असतात. त्यांचं शिकरण करावं. तळायला घेतली तर भज्याच्या पोटात नुसता गिळगिळीत लगदा उरतो आणि दोष मात्र पिठाला जातो.

या भज्यांना, म्हणजे पळंपोरीला, नेंद्रनच लागतं. लांब, जाड सालीचं, अंगाला धारा असलेलं केळं. आपलं रोजचं केळं पिकतं तेव्हा त्यातला जवळजवळ सगळा स्टार्च साखर होऊन जातो. नेंद्रन पिकून गोड झालं तरी त्यात बराच स्टार्च शिल्लक असतो आणि पाणीही कमी असतं. म्हणून गरम तेलात ते मऊ होतं, पण फुटत नाही. मी माहेरची आगाशीची. आमच्याकडची सुकेळी ज्या राजेळी केळ्यांची करतात, ती याच गोतातली. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्रिशूरला आले तेव्हा भाषा कळत नव्हती, केळं मात्र ओळखीचं निघालं.

इथे या केळ्याला प्रत्येक टप्प्यावर काम आहे. कच्चं असताना खोबरेल तेलात तळून वेफर्स, गुळात घोळवून ओणमच्या पानावरची शर्करा वरट्टी. पिकलं की वाफवून पुट्टूबरोबर, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या पिठाबरोबर. मलबारकडे उकडून कुस्करतात, आत ओलं खोबरं भरतात आणि तळून ‘उन्नक्काय’ करतात. त्रिशूरच्या चेंगळिकोडन नेंद्रनला भौगोलिक मानांकन मिळालंय. ओणमच्या आदल्या दिवशी गुरुवायूरच्या देवळात त्याचे पिवळेधमक घड वाहतात, त्यांना काळ्चक्कुला म्हणतात.

पण रोजचा मान पळंपोरीचाच. दुपार कलली की चायक्कडांतली, म्हणजे चहाच्या दुकानांतली, काचेची कपाटं भरू लागतात. डाळीचा परिप्पुवडा, मुगाचं गोड सारण भरलेले सुखियन आणि वरच्या फळीवर हातभर लांब पळंपोरी. कोट्टयमकडचे लोक तिला एत्तक्काप्पम म्हणतात. एर्नाकुळम भागात ती बीफबरोबर खायची रीत फार लाडकी आहे. मी शाकाहारी, त्यामुळे चवीबद्दल बोलत नाही. खाणाऱ्यांचे चेहरे तेवढे पाहिलेत. जानेवारी २०२० मध्ये आयआरसीटीसीनं केरळातल्या रेल्वे स्टेशनांवरच्या यादीतून पुट्टू, अप्पम, पळंपोरी असे पदार्थ काढले, तेव्हा एर्नाकुळमचे खासदार हिबी ईडन यांनी थेट रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं. गदारोळ झाला आणि पदार्थ परत आले. खासदारानं भज्यासाठी पत्र लिहावं, हे मला अगदी योग्य वाटतं.

आता कृती. ही शेजारच्या चेचीची, म्हणजे ताईची. ती माझ्याहून बरीच मोठी आहे, मला ‘मोळे’, म्हणजे पोरी, म्हणते आणि मी माप विचारलं की हसते. तिच्या मुठीचं माप मी वाटीत बसवलंय. तीन पिकलेल्या नेंद्रन केळ्यांना वाटीभर मैदा, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे साखर, चिमूट मीठ, चिमूट हळद. हळद फक्त रंगापुरती. कुरकुरीतपणा तांदळाच्या पिठाचा. साखर याहून वाढवू नका. जास्त साखरेचं आवरण पटकन काळं पडतं आणि आतलं पीठ कच्चं राहतं. गोडवा केळ्यात आहेच. पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. पीठ इडलीच्या पिठाहून किंचित सैल हवं, केळ्याला धरून राहील असं.

सोडा चेचीच्या घरात या कामाला वापरत नाहीत. सकाळचं डोशाचं पीठ उरलेलं असतं, त्यातलं डावभर ती यात ढवळते. आंबलेल्या पिठातल्या हवेनं आवरण फुलतं आणि हलकीशी आंबूस चव केळ्याच्या गोडीला उठाव देते. वेलची, जिरं घालणारे घालतात. मला वेलची नको वाटते, लगेच सणासुदीचं पक्वान्न झाल्यासारखं होतं.

केळं आडवं अर्धं करून प्रत्येक अर्ध्याचे उभे तीन काप करायचे. फार पातळ केलेत तर केळं लागतच नाही, नुसतं पीठ खाल्ल्यासारखं वाटतं. तेल खोबरेल. नाक मुरडू नका, डोक्याला लावायचं वेगळं आणि खायचं वेगळं. तेल मध्यम तापवा. पिठाचा थेंब टाकल्यावर तो क्षणभर थांबून वर आला पाहिजे. एका वेळी तीन-चारच काप सोडा. गर्दी केली की तेल थंडावतं आणि पळंपोरी तेल पिते. खालची बाजू सोनेरी झाली की एकदाच उलटायची. सारखं ढोसत बसू नये, आवरण सुटतं.

मुंबईत माटुंग्याच्या बाजारात नेंद्रन मिळतं. बहुधा हिरवं हातात पडेल. घरी ठेवून द्या, साल पिवळी होऊन तिच्यावर काळे ठिपके येईपर्यंत. गडद पिवळं पण कडक असलेलं केळं तळलं तर दाताला खुटखुटीत लागतं, आणि पूर्ण काळं पडलेलं चिरतानाच वाकतं. ठिपक्यांचे ते एक-दोन दिवस गाठायचे, बस्स.

गरम असतानाच खा. केळ्यातला ओलावा सुटला की वरचं आवरण तासाभरात लुसलुशीत पडतं. चेचीच्या नवऱ्याला मात्र तीच आवडते, रात्री झाकून ठेवलेली, सकाळच्या काळ्या चहाबरोबर. या मुद्द्यावर त्या घरात माझं मत कुणी विचारत नाही.