शी रोखून धरणारं मूल

मूल शीला बसायला रडतं, पाय आवळून उभं राहतं, तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो. खरं तर एकदा खडा होऊन दुखलं, की ते भीतीनं शी रोखतं. रोखलेली शी आतड्यात आणखी सुकते आणि पुढच्या वेळी जास्त दुखतं.

हे चक्र मोडायला आपण घरी मदत करू शकतो. वर्षावरच्या मुलाला पुरेसं पाणी, वरण, भाकरी, पालेभाजी, पपई देऊ. दिवसभराचं दूध-बिस्किट कमी करू. जेवणानंतर आतडी हलतात, तेव्हा ५-१० मिनिटं पाय टेकवून बसवू. रागवायचं नाही. मनानं एरंडेल द्यायचं नाही. ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त अंगावरचं दूध.

शीतून रक्त, फुगलेलं पोट किंवा उलट्या दिसल्या, तर लगेच डॉक्टरांकडे नेऊ.