अंगठीखालचे बोट

आपल्या भागात अन्नदानाला तोटा नाही. कलबुर्गीस ख्वाजा बंदे नवाजांचा उरूस असो, शरणबसवेश्वरांचा दासोह असो, की बिदरला नानक झिरा येथील लंगर असो, पंगती उठतच असतात. २००२ साली कर्नाटक सरकारने ‘अक्षर दासोह’ ही शाळेतील दुपारच्या जेवणाची योजना प्रथम आपल्याच भागातील जिल्ह्यांत सुरू केली, आणि आम्हां शिक्षकांचा स्वयंपाकघराशी रोजचा संबंध आला.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ चे नियम सांगतात की, अन्न हाताळणाराची नखे कापलेली असावीत, जखम झाकलेली असावी, दरवर्षी वैद्यकीय तपासणी व्हावी आणि अन्नात पडेल असा सैल दागिना अंगावर नसावा. यावर लोक म्हणतात, “आमची अंगठी घट्ट आहे, पडेल कशी?” पण पडण्याची भीती निम्मीच. अंगठीखालची कातडी ओलसर राहते. साबण तिथवर पोचत नाही आणि जंतू हात धुतल्यावरही टिकतात. वजू करताना घट्ट अंगठी फिरवून खाली पाणी पोचवावे लागते, हे आपल्या घरातील मुलांनाही ठाऊक आहे.

शिजल्यावर सगळे जंतू मरतात, हा दुसरा गैरसमज. लाडू वळणे, कोशिंबीर कालवणे ही कामे चुलीनंतरची. शिवाय फोडातील व नाकातील काही जंतू अन्नात जे विष सोडतात, ते पुन्हा उकळूनही जात नाही. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन धडधाकट होती. तरी तिच्या हातून घरोघर विषमज्वर पसरल्याचे १९०७ साली उघड झाले. तपासणी आजाऱ्यांचीच करावी असे म्हणणारांनी हे लक्षात घ्यावे.

खरी अडचण बांगड्यांची. काचेची बांगडी पिचली तर तुकडा भातात दिसतही नाही. परंतु सौभाग्याचे लेणे उतरव, असे त्या बाईला सर्वांदेखत सांगणे आम्हांस रुचत नाही. अमेरिकेच्या नियमांतही लग्नाच्या साध्या अंगठीला मुभा आहे. तेव्हा भावनेची कदर कायद्यालाही करावी लागते. गळ्यातील पोत पोलक्याच्या आत राहू शकते. खड्याच्या अंगठ्या आणि मनगटातील गंडेदोरे मात्र पुरुषांनीही काढून ठेवावेत. त्यांना सूट कशासाठी? ज्या भगिनींना बांगड्या उतरवणे नको वाटते, त्यांच्याकडे पत्रावळी मांडणे, हात धुण्यास पाणी घालणे, हिशेब ठेवणे ही कामे द्यावीत, आणि ती वाटणी पंगतीच्या आदल्या दिवशीच करावी.