भाकरी : मागितलेली आणि थापलेली

खानदेशी जेवणाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर 'कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत' ही अक्षरे ठळकपणे रंगवलेली दिसतात. शहरातून आलेला माणूस गाडी थांबवतो, खातो, तोंडभर कौतुक करतो. ही भाकरी कोणाच्या चुलीवर कशी भाजली जात होती, आणि ज्यांना स्वतःची चूल पेटवून ती थापण्याची सोयच ठेवली नव्हती ते काय खात होते, हे त्या पाटीवर येत नाही. येणारही नाही. म्हणून ते इथे लिहायचे.

आधी भाकरी. देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरेच्या उत्तरेचा भाग. इथल्या घरांतून कळणा आजही दळला जातो. ज्वारी किंवा बाजरी, तिच्यात सालासकट उडीद, आणि मीठ, हे सारे एकत्र दळायचे. अहिराणीत 'कयना' म्हणतात तो हाच. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद हे साधारण प्रमाण. कोणी चिमूटभर मेथ्याही टाकते. ज्वारी शक्यतो दादर घ्यावी. ही रब्बीची ज्वारी, चवीला गोड आणि भाकरीला मऊ. दळण जाडसर हवे. गव्हासारखे मैद्याच्या वळणावर गेले की कळण्याची चव गेली.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते. गव्हाची कणीक ताणली तर ताणते, ज्वारीचा गोळा तुटतो. त्यामुळे नुसत्या ज्वारीची भाकरी करणारी बाई पिठात कढत पाणी घालते. उष्णतेने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो, आणि ग्लुटेनचे काम थोडेबहुत तोच करतो. कळण्यात हे काम उडदाच्या चिकटपणाने होते. साधे पाणी चालते. पीठ मात्र ताजे पाहिजे. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. देवपुरातल्या एका आजीबाईंनी नातसुनेच्या परातीत बोट घालून एका शब्दात निकाल दिला होता : "हाई पीठ मरेल शे, माय."

सगळे पीठ एकदम मळू नये. एका भाकरीपुरते घ्यावे, तळहाताच्या टाचेने रगडून मळावे, आणि लगेच थापावे. खाली कोरडे पीठ भुरभुरावे, बोटांनी कडेकडेने फिरवत जावे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. हा हात फिरवणे पुष्कळांना नुसती रीत वाटते. त्याला कारण आहे. वरचे कोरडे पीठ त्याने धुतले जाते, बाजू लगेच वाळून तडकत नाही, आणि ओल्या स्टार्चचा पातळ पापुद्रा तयार होतो. पाणी सुकत आले, पण पुरते सुकले नाही, अशा वेळी उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली बाजू निखाऱ्याकडे करून शेकायची. आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते, पापुद्रा तिला अडवतो, आणि भाकरी फुगते. पदर सुटलेली भाकरी म्हणतात ती ही. आहारशास्त्र सांगते की ज्वारीत लायसिन हे प्रथिनद्रव्य कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. चुलीपुढच्या बाईला लायसिन ठाऊक नव्हते, पण कळणा खाऊन शेतावर गेलेला माणूस दुपारपर्यंत टिकतो हे ठाऊक होते. हेही ज्ञानच आहे, आणि ते पोथीत नसल्यामुळे अज्ञान ठरत नाही.

आता दुसऱ्या भाकरीकडे वळू. महारवाड्यात येसकरपाळी ज्या घरी असे, त्या घरचा माणूस गावची कामे करून संध्याकाळी दारोदार भाकरी मागत फिरे. मजुरीऐवजी मिळणारी ही भाकरी 'हक्काची' म्हणवली जाई. एका दारची ज्वारीची, दुसऱ्या दारची बाजरीची, सणाला एखाद्या दारचा पोळीचा तुकडा. काही कालच्या, काही परवाच्या. उरलेले कुटके उन्हात वाळवून ठेवीत आणि टंचाईच्या दिवसांत मीठ-मिरचीच्या पाण्यात शिजवीत. पीठ कोणते, मीठ किती, भाकरी ताजी की शिळी, यांतले काहीही खाणाऱ्याच्या हातात नव्हते. वतनाची गुलामगिरी जमिनीच्या कागदावर होतीच, पण रोज संध्याकाळी ती तोंडात जात होती.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा असे सांगितले, त्याचा अर्थ या टोपलीपुढे बसल्यावर कळतो. पुढच्याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाविषयीचे विधेयक आणले. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने. बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. दर वर्षी त्या दिवशी तिथे माणसे जमतात. चळवळीच्या अशा दिवसांविषयी आपण भाषणे लिहून ठेवतो. मागितलेली भाकरी बंद झाली त्या संध्याकाळी घरात पीठ कुठून आले आणि ते कोणी थापले, हे मात्र आपण लिहिले नाही. मागणे सोडण्याचा ठराव पुरुषांनी मांडला असेल. त्या ठरावाची दुसऱ्या दिवशीची भाकरी बायकांनी मजुरीला जाऊन आणली. आपल्या साहित्यात भूक आली, टोपली आली, पण हा हात अजून पुरेसा आलेला नाही.

१९७२ च्या दुष्काळात या हाताची आणखी एक परीक्षा झाली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. गोड दादरीची सवय असलेल्या जिभेला ती रुचेना, आणि थापणाऱ्या हातालाही ती वळेना. तरी तिच्याही भाकरी झाल्या.

आज उलटी गंमत झाली आहे. पूर्वी गहू सणाचा, ज्वारी रोजची. आता रेशनवर गहू-तांदूळ मिळतात, २०२३ पासून तर मोफत, आणि बाजारात चांगली दादर गव्हापेक्षा महाग. गरिबाच्या घरी चपाती लाटली जाते आणि कळण्याची भाकरी ढाब्यावर पैसे मोजून मिळते. रेशनचा गहू वाईट असे मी म्हणत नाही. फुकटच्या गव्हाला नाक मुरडण्याची चैन पोट भरलेल्यांनी करावी. पण नव्या मुलींच्या हातून थापण्याची कला जाते आहे, हे दिसते.

त्या देवपूरच्या नातसुनेने ते मेलेले पीठ फेकले नाही. चुलीवर आधण ठेवले, कढत पाण्यात पीठ भिजवले आणि लहान लहान भाकरी थापल्या. पहिल्या दोन तुटल्या. तिसरी फुगली तेव्हा आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती अर्धी मोडून खाल्ली आणि उरलेली अर्धी नातसुनेपुढे सरकवली.