थांबलेली घड्याळे

छातीत धडधड, झोप नाही, अन्न जात नाही, अशा तक्रारी घेऊन तरुण मुली ओपीडीत येतात. ईसीजी, थायरॉईड सगळे नॉर्मल असते. सोबतची आई जरा बाहेर गेली की कारण कळते. ठरलेले लग्न त्याने मोडले, किंवा शब्द हिला दिला आणि लग्न दुसरीशी केले. अशा वेळी मला चार्ल्स डिकन्सची मिस हॅविशॅम आठवते.

‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६१) या कादंबरीतली ही श्रीमंत वधू लग्नासाठी नटत असते. नऊला वीस मिनिटे कमी असताना पत्र येते : नवरा मुलगा येणार नाही. तिचा पैसाही त्याने आधीच उकळलेला असतो. ती घरातली सगळी घड्याळे त्याच वेळेवर थांबवते. पुढे कित्येक वर्षे अंगावर तोच पोशाख, एकाच पायात बूट आणि टेबलावर जाळी धरलेला लग्नाचा केक. दत्तक मुलीला ती पुरुषांची मने मोडायला शिकवते.

डिकन्सने रंग गडद भरला आहे, पण लक्षण खरे आहे. तोच प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवणे म्हणजे विचारांचे रवंथ. त्यातून नैराश्य वाढते. नुसत्या वियोगापेक्षा वियोगासोबत अपमान झाला असेल, तर नैराश्याचा धोका अधिक, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून ‘विसरून जा’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही.

महाभारतातली शकुंतला वेगळी वागते. दुष्यंत भर सभेत ओळख नाकारतो, तेव्हा ती संतापते, पण मुलाला पुढे करून राजाला सत्याची आठवण देते, त्याला खडसावते. तिचा संताप हा आजार नव्हे. राग, रडू, काही रात्रींची निद्रानाश ही जखमेची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. काळजी करायची ती घड्याळ थांबले तर.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, जेवणझोप बिघडली, कामात मन लागेना, तर डॉक्टरांना भेटा. जीव देण्याचे विचार आले तर मात्र त्याच दिवशी. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. घरच्यांनी ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ एवढे म्हणायचे टाळले, शांतपणे ऐकून घेतले, तरी निम्मे औषध झाले.